नंदीची शेपटी

वेरूळच्या २९ क्रमांकाच्या लेण्यात रावण कैलास पर्वत गदागदा हलवतो आहे. हे धुमार लेणं. शिल्पपट एवढा मोठा की पुढ्यात उभं राहिल्यावर मान वर करावी लागते. खाली डोंगराच्या पोटात शिरलेला अनेक हातांचा रावण, वर शिव आणि पार्वती, मध्ये हादरलेला पहाड. आणि या सगळ्या गदारोळात शिवाचा एक बुटका गण रावणाकडे पाठ करून त्याला आपलं उघडं ढुंगण दाखवतो आहे.

मला हा गण एका शाळेच्या सहलीतल्या मुलाने दाखवला. तोवर मी दोन वेळा या लेण्यात येऊन गेलो होतो, शिवाचा चेहरा आणि रावणाचे हात बघून बाहेर पडलो होतो. त्या दिवशी पाचवी-सहावीतली चाळीसेक पोरं रांगेने आत आली. बाई रावणाची गोष्ट सांगत होत्या. मागच्या रांगेतला एक मुलगा एकदम ओरडला, "बाई, हा बघा काय करतोय!" सगळी रांग मोडली. पोरं त्या कोपऱ्याशी गोळा झाली आणि लेण्यात हशा पिकला. बाई आधी रागावल्या. "हसू नका, देवाचं ठिकाण आहे," असं म्हणत पुढे आल्या, पोरांच्या डोक्यांवरून वाकून त्यांनी पाहिलं आणि पदर तोंडाला लावून बाजूला झाल्या.

तो मुलगा बरोबर होता. तेराचौदाशे वर्षांपूर्वी ज्या पाथरवटाने तो गण कोरला, त्याला नेमकं हेच हवं होतं. आपण लेणी बघायला जातो ते दिपून जाण्यासाठी. उंची, भव्यता, मूर्तीच्या चेहऱ्यावरची शांती यांनी आपण गप्प होतो, आणि ते व्हायलाच हवं. पण या कलावंतांनी गप्प करण्याबरोबर हसवण्याचीही सोय केली होती. आपण ती पाहत नाही, कारण देवळात हसायचं नसतं असं आपल्याला कुणीतरी शिकवलेलं असतं. या प्रकरणात मला त्या हसण्याबद्दल सांगायचं आहे.

आधी एक गोष्ट पक्की करू. हा गण कुणा चुकार कारागिराने फावल्या वेळात केलेला चाळा नाही. घर बांधताना आपण चिऱ्यावर चिरा ठेवत जातो, लेणं कोरताना उलट चालतं. कातळातून नको ते काढून टाकत जायचं. जे राहायला हवं ते आधी ठरवावं लागतं, कारण एकदा उडवलेली कपची परत चिकटवता येत नाही. शिवाची मूर्ती घडवताना त्याच्या पायाशी हातभर दगड राखून ठेवला नाही, तर तिथे गण कोरायला पुढे काही उरतच नाही. म्हणजे रावण, शिव, पार्वती यांची जागा ज्या वेळी ठरली, त्याच वेळी या गणाचीही ठरली होती. डोंगर हलण्याच्या त्या भयंकर क्षणाचा आराखडा करताना कुणीतरी म्हणालं असणार, इथे दगड ठेवा, इथे एक वात्रट बसवायचा आहे. बाकीच्यांनी मान डोलावली असणार. मग कुणीतरी सह्याद्रीच्या काळ्याकभिन्न बेसॉल्टवर टाकी धरून दिवसच्या दिवस ते ढुंगण गोल केलं. एवढ्या कष्टाने कोरलेला विनोद सहज सुचलेला नसतो.

आता याच लेण्यातल्या दुसऱ्या शिल्पपटाकडे जाऊ. इथे शिव आणि पार्वती सारीपाट खेळत बसले आहेत. पार्वती फासे टाकण्याच्या बेतात आहे आणि शिवाने तिचा हात धरून ठेवला आहे. हे दृश्य कळायला कुठलं शास्त्र लागत नाही. ज्याने घरात पत्ते, सोंगट्या किंवा साधी सापशिडी खेळली आहे, त्याला हे माहीत आहे. हरायला लागलेला माणूस असंच करतो. थांब जरा, हा डाव धरायचा नाही, माझं लक्ष नव्हतं. जगाचा संहार करणारा देव इथे बायकोच्या हातातले फासे अडवतो आहे.

सारीपाटाचं हे दृश्य वेरूळच्या शिल्पकारांना किती आवडत होतं, ते मोजून बघता येतं. २९ क्रमांकात ते आहे, २१ क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात आहे, १४ क्रमांकाच्या 'रावण की खाई'त आहे. ही तिन्ही कैलास लेण्याच्या आधीची, साधारण सहाव्या-सातव्या शतकातली. दर ठिकाणी रचना तशीच: वरच्या भागात खेळणारं जोडपं आणि भोवती मंडळी, खालच्या पट्ट्यात नंदी आणि गणांची टोळी. १४ क्रमांकात आत शिरलं की उजव्या हाताच्या भिंतीवर हा पट आहे. जोडप्याच्या मागे गणपती उभा आहे. आणि खेळणाऱ्या दोघांच्या मधून, मागच्या बाजूने, भृंगी डोकावतो आहे. भृंगी म्हणजे शिवाचा तो हाडकुळा भक्त. डाव कुठलाही असो, पाठीमागून वाकून बघणारा, स्वतः न खेळणारा, पण प्रत्येक चालीबद्दल मत असणारा एक माणूस असतोच. आमच्या वाड्यात असे दोघे होते. कॅरमच्या बोर्डावर त्यांची सावली पडायची आणि नेम चुकायचा. भृंगी पाहिला की मला ते दोघे आठवतात.

खाली मात्र वेगळाच धिंगाणा आहे. नंदी बसलेला. त्याच्या भोवती गणांची पोरं. हो, पोरंच म्हणायला हवं, कारण पोट सुटलेले, आखूड पायांचे, गोबऱ्या गालांचे हे गण दिसायला तान्ह्या वयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांसारखे आहेत. कुणी नंदीच्या अंगाशी झोंबतंय, कुणी त्याच्या शेपटीच्या मागे लागलंय. नंदी बिचारा सोसतो आहे. ज्यांच्या दारात बैल आहे आणि घरात नातवंडं आहेत, त्यांना हा नंदी लगेच ओळखू येईल. परक्या माणसाने गोठ्यात पाय ठेवला तर शिंग उगारणारा बैल, पोरांनी शेपूट धरली तरी कान हलवण्यापलीकडे काही करत नाही.

पण नंदीची ही छळवणूक नुसती करमणूक नव्हे, तिच्यामागे गोष्ट आहे. स्कंदपुराणात शिवपार्वतीच्या द्यूताची कथा येते. शिव हरत जातो. अंगावरचे दागिने जातात, शेवटी नेसूचं कौपीनही जातं. तो रागावून रानात निघून जातो आणि मग पार्वती शबरीचं रूप घेऊन त्याला भुलवून परत आणते. आपल्याकडे श्रीधरांनी १७१८ साली 'शिवलीलामृत' लिहिलं. त्यातही शिवपार्वतीच्या सारीपाटाची आणि भिल्लीण झालेल्या पार्वतीची कथा आहे. महाशिवरात्रीला, श्रावणातल्या सोमवारी जी पोथी घरोघर वाचली जाते, ती हीच. म्हणजे वेरूळच्या भिंतीवरचा हा खेळ आपल्या आजीच्या ओळखीचा आहे. मूर्तिशास्त्राचं पुस्तक न उघडताही तिने तो पट वाचला असता. मालक डावात हरला की त्याच्या दारातल्या बैलाचं काय होणार, हेही तिला सांगावं लागलं नसतं. मालकाची पत उतरली की पोरंटोरंही त्याच्या बैलाची शेपूट ओढतात. वरच्या खेळात कोण हरतंय, हे खाली नंदीकडे बघून कळतं.

इथे भरताच्या नाट्यशास्त्राची आठवण करून द्यायला हवी. त्यात आठ रस सांगितले आहेत. प्रत्येक रसाला एक रंग आणि एक देवता दिली आहे. अद्भुत रसाचा रंग पिवळा, देवता ब्रह्मा. शृंगाराचा रंग श्याम, देवता विष्णू. हास्याचा रंग पांढरा, आणि देवता? प्रमथ. प्रमथ म्हणजे शिवाचे गण. आपल्या परंपरेने हसण्याची देवता म्हणून कुणी मोठा देव निवडला नाही, हे बुटके, पोटाळे, वाकडेतिकडे, दंगेखोर गण निवडले. वेरूळच्या खालच्या पट्ट्यात ते उगीच आलेले नाहीत, ते त्या रसाचे अधिपती म्हणून आले आहेत.

नाट्यशास्त्रात याच्या पुढची गोष्ट आहे, ती मला फार मोलाची वाटते. काही रस दुसऱ्या रसांतून जन्मतात असं भरत सांगतो. रौद्रातून करुण, बीभत्सातून भयानक, वीरातून अद्भुत आणि शृंगारातून हास्य. आता सारीपाटाचा पट पुन्हा डोळ्यांसमोर आणा. वर नवराबायकोचा लाडिक झगडा, म्हणजे शृंगार. त्याच्या बरोब्बर खाली गणांचा दंगा, म्हणजे हास्य. एकातून दुसरं निघताना दगडात दिसतं. आणि रावणाच्या पटात? खाली पराक्रमाने फुरफुरणारा वीर, वर अंगठ्याने डोंगर दाबून धरणारा शिव, आणि ते पाहून आपल्याला वाटणारा अचंबा. वीरातून अद्भुत. ही समज शिल्पकारांकडे ग्रंथातून आली की रात्रीच्या नाटकांतून, याने काही फरक पडत नाही. त्यांना ती होती, एवढं पाहणाऱ्याला दिसतं.

भरताने हसण्याच्या सहा पायऱ्याही दिल्या आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिल्या दोन थोरामोठ्यांच्या, मधल्या दोन मध्यम लोकांच्या, शेवटच्या दोन आडदांडांच्या. स्मितात दात दिसत नाहीत, अतिहसितात डोळ्यांतून पाणी येतं. एकाच शिल्पपटात वरून खाली नजर फिरवली की या पायऱ्या उतरल्यासारखं होतं. वर देवांच्या ओठांच्या कडेला दाबलेलं स्मित, खाली गणांचं गडगडाटी हसू.

रावणाच्या गोष्टीतही एक घरगुती खुबी आहे. ती कैलास लेण्यातल्या, म्हणजे १६ क्रमांकातल्या शिल्पात फार सुरेख उतरली आहे. मुख्य देवळाच्या दक्षिण अंगाला खाली खोल कोनाडा आहे. रावण त्यात जवळजवळ सुटा कोरला आहे, म्हणून त्याच्याभोवती खरा अंधार साचतो आणि दिवसभरात त्याच्यावरचं ऊनसावलीचं चित्र बदलत राहतं. वर शिव निवांत बसलेला. पार्वती दचकून त्याच्याकडे झुकली आहे, तिने त्याचा दंड धरला आहे. आणि मागे एक दासी पळते आहे. ती सगळ्यात शहाणी. भूकंप झाल्यावर देव काय करतात हे बघत थांबण्यात तिला रस नाही. तिचं पाठमोरं शरीर भिंतीच्या काळोखात शिरत चाललं आहे.

पार्वतीने धरलेल्या त्या दंडाबद्दल संस्कृत कवींनी गंमत केली आहे. शिवाने रावणाला वर दिला होता. त्या वराची परतफेड रावणाने कशी केली, तर डोंगर हलवून, कारण घाबरलेली पार्वती आपणहून शिवाला बिलगली, असा भाव माघाने 'शिशुपालवधा'त मांडला आहे. माघ सातव्या शतकातला. म्हणजे वेरूळला टाकीचे घाव पडत होते, साधारण त्याच काळात कवींना हा प्रसंग असा दिसत होता. एवढा मोठा राक्षस, एवढा मोठा पर्वत, वीस हातांचं बळ, आणि निष्पन्न काय झालं? घाबरलेली बायको नवऱ्याजवळ सरकली. शिल्पातल्या शिवाच्या चेहऱ्यावरची ती शांती नुसती योग्याची आहे असं मला वाटत नाही. तीत थोडं समाधानही आहे.

कैलास लेण्याबद्दल दोन शब्द बोलायला हवेत, कारण अचंबा म्हणजे काय ते तिथे कळतं. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकाच्या उत्तरार्धात, डोंगराच्या उतारावर वरून खाली खणायला सुरुवात झाली. सुमारे ८० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद असा खड्डा, मागची भिंत ३० मीटरहून उंच. खणताना मध्ये दगडाचा एक पहाड सोडून दिला आणि त्या पहाडाचं देऊळ केलं. कळस आधी झाला, पाया शेवटी. डोंगराच्या वरच्या कडेला उभं राहून खाली पाहिलं की देऊळ विहिरीत ठेवल्यासारखं दिसतं. मी तिथे दर वेळी काही काळ नुसता बसतो. तिथे बोलावंसं वाटत नाही.

आणि या अचंब्यातही लोकांनी हसू शोधलं आहे, तेही दोनदा. पहिला दाखला राष्ट्रकूटांच्याच ताम्रपटाचा. बडोद्याला सापडलेल्या, इ.स. ८१२ च्या सुमाराच्या कर्कराजाच्या ताम्रपटात एलापुरावरच्या, म्हणजे वेरूळच्या, या देवळाचं वर्णन आहे. आकाशातून विमानांनी जाणारे देव ते पाहून थक्क होतात आणि म्हणतात, हे आपोआपच झालेलं असणार, हाताने केलेल्या वस्तूत एवढी शोभा नसते. याच्या पुढची ओळ ऐका. ज्या स्थपतीने ते केलं, त्याला पुन्हा तसं करणं जमेना आणि तोच नवल करू लागला की हे माझ्या हातून झालं तरी कसं! अवजड पल्लेदार संस्कृत प्रशस्तीत, राजाच्या दानपत्रात, हा डोकं खाजवणारा कारागीर उभा आहे. एखादा पदार्थ एकदाच अप्रतिम जमतो आणि पुढे कितीही केला तरी तसा होत नाही, हे ज्या सुगरणीला माहीत आहे, तिला त्या स्थपतीचं मन अचूक कळेल. कृष्णराजाचं कौतुक करणारे शब्द आज अभ्यासकांपुरते उरले. त्या कारागिराचं आश्चर्य मात्र ऐकणाऱ्याला लगेच आपलंसं वाटतं.

दुसरा दाखला मराठीतला. कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त या देवळाची दंतकथा आहे. राजा आजारी पडला. राणीने नवस केला, राजा बरा झाला तर शंकराचं देऊळ बांधीन आणि त्याचा कळस डोळ्यांनी पाहीपर्यंत अन्नाला शिवणार नाही. राजा बरा झाला. आता आली का पंचाईत! एवढं देऊळ पायापासून कळसापर्यंत व्हायला वर्षं लागणार, राणी तोवर उपाशी कशी राहणार? कारागीर हात टेकून बसले. तेव्हा पैठणचा कोकस नावाचा स्थपती पुढे आला. त्याने डोंगराच्या माथ्यावरून काम सुरू केलं, आधी कळसच कोरला आणि आठवड्याच्या आत राणीला तो दाखवून तिचा उपास सोडवला. देवळाचं नाव पडलं माणिकेश्वर.

ही कथा इतिहास म्हणून सांगू नये. पण तिच्याकडे बारकाईने पाहा. भारतीय स्थापत्यातली एक फार मोठी करामत, म्हणजे वरून खाली देऊळ कोरणं, मराठी माणसाने कशी समजून घेतली? नवस, उपास आणि उपासातून सुटायची युक्ती. घरात कडक उपास धरलेली बाई असली की बाकीच्यांची जी तारांबळ उडते, तीतून ही कथा आली आहे. लोकांनी कैलासासारख्या अजस्र गोष्टीला आपल्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणलं. देऊळ त्याने लहान झालं नाही, आपल्या जवळ आलं.

हसण्याची ही परंपरा वेरूळच्याही कितीतरी आधीची आहे. चाळीसगाव आणि कन्नडच्या मधल्या डोंगरात, गौताळ्याच्या रानात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वीची. गेल्या शतकात पुरातत्त्व खात्याने म. न. देशपांडे यांच्या देखरेखीखाली तिथला ढिगारा उपसला, तेव्हा एक बुटका यक्ष निघाला. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. डोक्यावर वाडग्यासारखं भांडं, गोल गरगरीत पोट, गळ्यात माळ आणि चेहरा भरून हसू. गाल वर चढलेले, डोळे मिचकावल्यासारखे बारीक झालेले. दोन हजार वर्षांहून जास्त काळ, त्यातला बराचसा ढिगाऱ्याखाली, हा गडी हसतो आहे.

त्याच्या तळहाताच्या मागच्या बाजूला ब्राह्मीत एक छोटी ओळ कोरलेली आहे. अर्थ असा: कान्हदास नावाच्या सोनाराने हा केला. मला यात दोन गोष्टी फार आवडतात. एक म्हणजे हे काम सोनाराचं आहे. दागिन्याच्या नाजूक कामाला सरावलेल्या हाताने त्या यक्षाच्या गळ्यातला माळेचा मणी न् मणी घडवला आहे. दुसरी गोष्ट नावाची. आपली प्राचीन लेणी बहुतेक निनावी आहेत. दान देणाऱ्यांची नावं भिंतीभिंतींवर सापडतात, कोरणाऱ्यांची क्वचित. अशा दुर्मीळ नावांपैकी एक नाव एका हसऱ्या बुटक्याच्या हातावर आहे. कान्हदासाला आपलं नाव त्याच्याशी जोडायला लाज वाटली नाही. त्याला अभिमान वाटला.

अजिंठ्याला जाणारे पद्मपाणीच्या चित्रासमोर तासभर उभे राहतात, आणि राहावंच. पण २ क्रमांकाच्या लेण्यात मागच्या बाजूला, उजवीकडे हारीतीचं छोटं दालन आहे, तिथेही थोडं थांबा. हारीती ही राजगृहाची यक्षिणी. तिला पाचशे मुलं होती आणि ती दुसऱ्यांची मुलं खायची. बुद्धाने तिचं सगळ्यात धाकटं पोर भिक्षापात्राखाली लपवलं. ती वेडीपिशी होऊन शोधत आली, तेव्हा तो म्हणाला, पाचशेतलं एक हरवलं तर तुझी ही गत, ज्यांना एकदोनच आहेत त्यांचं काय होत असेल? तिने मुलं न खाण्याचं व्रत घेतलं आणि ती मुलांची रक्षक देवता झाली. अंगावर काटा आणणारी कथा आहे. मूर्तीही तशीच भारदस्त, शेजारी नवरा पांचिक.

आता आसनाच्या तळाशी कोरलेला पट्टा पाहा. तिथे शाळा भरली आहे. पंतोजी छडी घेऊन बसले आहेत. पुढची मुलं पाट्या धरून मान खाली घालून अभ्यास करत आहेत. आणि मागची? मागची खेळतायत, एडक्याच्या मागे लागली आहेत. पाचव्या शतकात कोरलेला हा वर्ग आजच्या कुठल्याही शाळेत जसाच्या तसा सापडेल. छडी जवळ असलेल्यांचा अभ्यास, छडी लांब असलेल्यांचा दंगा. मुलं खाणाऱ्या यक्षिणीच्या पायाशी ही शाळा ठेवणाऱ्याला मुलांची खरी माया होती असं मला मनापासून वाटतं. मुलं वाचली म्हणजे काय झालं, ते त्याने दाखवलं. मुलं वाचली म्हणजे मागच्या बाकावर दंगा सुरू राहिला.

१७ क्रमांकाच्या लेण्यात विश्वंतर जातकाची चित्रं आहेत. राजपुत्र विश्वंतर दानशूर, सगळं देऊन टाकतो, शेवटी स्वतःची मुलंही. ती मुलं मागायला येतो जूजक नावाचा म्हातारा ब्राह्मण. चित्रकाराने त्याला काय रंगवलं आहे! पडके दात, बोकडदाढी, हातात छत्री, आणि लालची आनंदाने फाकलेला जबडा. व्यंगचित्र म्हणजे काय ते शिकायचं असेल तर हा चेहरा पुरे. मात्र त्याला हसता हसता एकदम मुलं आठवतात आणि हसू घशात अडकतं. गणांचं हसू निर्मळ आहे, जूजकाचं बोचरं. अजिंठ्याच्या चित्रकाराला हा फरक नेमका कळत होता.

महाराष्ट्राबाहेरचं एकच उदाहरण देतो, कारण ते टाळणं अन्याय होईल. तमिळनाडूत मामल्लपुरमला समुद्राजवळ पल्लवांच्या काळातला, सातव्या शतकातला अवाढव्य शिल्पपट आहे. कुणी त्याला अर्जुनाची तपश्चर्या म्हणतं, कुणी गंगावतरण. देव, गंधर्व, नाग, जवळजवळ खऱ्या आकाराचे हत्ती, सगळी सृष्टी ग्रॅनाइटच्या दोन शिळांवर. वर एक तपस्वी एका पायावर उभा, हात डोक्यावर उंचावलेले. आणि खाली, हत्तीच्या जवळ, एक मांजर अगदी त्याच ढंगात, मागच्या पायांवर उभं, पुढचे पाय डोक्यावर, तप करतं आहे. त्याच्या पायांशी उंदीर जमलेत. महाभारताच्या उद्योगपर्वात दुर्योधन उलूकाबरोबर पांडवांना निरोप पाठवतो, त्यात या ढोंगी मांजराची गोष्ट येते. डोळे मिटून दूध पिणारं आपलं मांजर ते हेच. तपश्चर्येचं एवढं मोठं स्तोत्र दगडात कोरणाऱ्या शिल्पकाराने त्याच दगडात ढोंगी तपस्व्याचंही चित्र काढून ठेवलं. खरं तप ओळखायचं तर खोटं तपही माहीत असावं लागतं. शेजारच्या हत्तीला मात्र त्या मांजराची दखल नाही. तो आपल्या पिल्लांना घेऊन शांत उभा आहे.

इतकी उदाहरणं दिली ती एका कारणासाठी. आपल्याकडे लेण्यांची माहिती सांगताना गंभीर सूर लावायची सवय झाली आहे. वाटाडे राजांची नावं आणि सनावळ्या घोकतात, पुस्तकं लक्षणं आणि आयुधं मोजतात. ते सगळं हवं. पण सहलीतल्या पोराला नंदीची शेपूट आधी दिसते, आणि त्याला तिथून मागे ओढून "इकडे बघ, हे महत्त्वाचं" म्हणणं चूक आहे. त्या शेपटीवरून तो नंदीकडे जाईल, नंदीवरून सारीपाटाकडे, सारीपाटावरून शिवपार्वतीकडे. शिल्पकाराने वाट तशीच आखली आहे. खालचा पट्टा लहानांच्या नजरेच्या जवळ, वरचा मोठ्यांच्या. बापाच्या खांद्यावर बसलेल्या मुलीला एक गोष्ट दिसावी, खाली उभ्या तिच्या भावाला दुसरी, आणि घरी जाताना दोघांनी त्यावर भांडावं, एवढी जागा त्या दगडात आहे.

म्हणून वेरूळला गेलात तर एवढं करा. कैलासापाशी पाय दुखले म्हणून परत फिरू नका. तिथून पुढे २१ क्रमांकापर्यंत जा आणि आणखी पुढे २९ क्रमांकापर्यंत. पावसाळ्यात गेलात तर तिथे शेजारीच वेळगंगेचा धबधबा, सीतेची न्हाणी, कोसळत असतो. मुलांना बरोबर न्या. प्रत्येक मोठ्या शिल्पपटापुढे आधी उभं राहून वर बघा, मन भरेपर्यंत. मग खाली उकिडवे बसा आणि तळाचा पट्टा डावीकडून उजवीकडे सावकाश वाचा. मुलं हसली तर हसू द्या. फक्त त्यांना गणांना हात लावू देऊ नका. ते हाताच्या टप्प्यात आहेत, आणि त्यांचे गोबरे गाल आपल्या नातवंडांनाही पाहता यायला हवेत. लेणी मंगळवारी बंद असतात, तेवढा वार सोडून जा.